गळाला एरंडाची अळी

मला थुंकीची किळस येत नाही. अंबाजोगाईत एका लॅबमध्ये मी चौदा वर्षं काम करते आहे. सकाळी आठला शटर वर गेलं की लोकांची थुंकी, लघवी, शी, सगळं छोट्या डब्यांतून माझ्या टेबलावर येतं. कुणी झाकण नीट लावलेलं नसतं, कुणी डबी बाहेरूनच बरबटवून आणतं. मी हातमोजे चढवते, नंबर टाकते, काचपट्टीवर पसरवते आणि दुपारी त्याच खोलीच्या मागच्या बाजूला बसून भाकरी खाते. नवीन आलेल्या मुली पहिल्या आठवड्यात नाकाला रुमाल लावतात तेव्हा मी त्यांना हसते.

पण अळी म्हटलं की माझं काही चालत नाही. आता लिहिताना सुद्धा मी दोनदा उठून हात धुऊन आले.

याचं मूळ मला पक्कं माहीत आहे. माझं माहेर धर्मापुरीकडचं. सात-आठ वर्षांची असताना मी बांधावर बसून हरभऱ्याचे डहाळे खात होते. एक घाटा न बघताच तोंडात टाकला आणि दाताखाली काहीतरी गार, मऊ फुटलं. थुंकले तर तळहातावर अर्धी हिरवी अळी होती, डोक्याकडची, अजून मान हलवणारी. उरलेली अर्धी कुठं गेली हे मला लगेच कळलं. आईनं मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायला लावल्या, पण ती चव काही गेली नाही. तेव्हापासून कोबी मी चिरत नाही आणि वांगं चिरायचं असलं तर आधी लांबूनच दोन तुकडे करून बघते. नवऱ्यानं लग्नाच्या पहिल्या वर्षी गमतीनं माझ्या खांद्यावर सुरवंट सोडला होता. त्यानंतर चार दिवस मी त्याच्याशी बोलले नव्हते.

सासर युसूफ वडगावच्या बाजूचं. मामा, म्हणजे माझे सासरे, दोनदा सरपंच होते. बोलायला लागले की ओसरीवर बसलेली माणसं विडी विझवायची. मी त्या घरात येऊन सोळा वर्षं झाली होती, पण मामा माझ्याशी थेट असं कधी बोललेच नव्हते. "चहा पाठवा म्हणावं," "गाडी आलीय म्हणावं," एवढंच, तेही भिंतीकडं बघून. मीही डोक्यावरचा पदर सावरून आत जायची. भांडण नव्हतं. आमच्याकडं तशीच रीत होती.

तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आधी मामांच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी धोतर नेसताना ते एका बाजूला कलले आणि खाली बसले, ते उठलेच नाहीत. अंबाजोगाईच्या दवाखान्यात बारा दिवस होते. घरी आले तेव्हा पाय ओढत चालता येत होतं, बोलणं जड पण समजण्याजोगं होतं. उजवा हात मात्र ओल्या फडक्यासारखा लोंबत होता आणि तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ गळायची. नवरा पुण्याला कंपनीत, महिन्यातून दोनदा येणारा. मुलगी लातूरला हॉस्टेलवर. घरात आत्याबाई, मी आणि मामा. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, दम्याच्या. त्यामुळं मामांचं तोंड पुसणं, अंघोळीचं पाणी, कपडे बदलणं हे माझ्याकडं आलं. मला त्याचं काहीच वाटलं नाही. वाटायचं ते मामांना. मी रुमाल घेऊन पुढं झाले की ते डोळे मिटून घ्यायचे.

ओसरीवर ते भिंतीकडं तोंड करून बसायला लागले, म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्याला दिसायला नको. आठवड्यातून एकदा व्यायाम करून घेणारा एक पोरगेला डॉक्टर यायचा. तो म्हणाला, "डाव्या हाताला काम द्या. आवडीचं काहीतरी. नुसतं बसू देऊ नका."

संध्याकाळी मामा भिंतीला म्हणाले, "गळ पायजे."

"काय पायजे?" आत्याबाईंनी विचारलं.

"गळ. मासं धरायचा."

आत्याबाईंच्या गळ्यात माळ. त्या लग्न होऊन आल्यापासून या घरात अंडं सुद्धा शिजलेलं नव्हतं. त्यांनी माळेला हात लावला. "या घरात मासं?"

"घरात कुठं? तळ्यावर."

लहानपणी ते मासे धरायचे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. सरपंच झालेला माणूस गळ घेऊन बसत नाही, म्हणून ते चाळीस वर्षं बसले नव्हते. मी अंबाजोगाईहून गळ आणि नायलॉनची दोरी आणली. गोठ्यातला बांबू मिळाला. जुन्या स्लिपरचा तुकडा कापून त्याचं पाण्यावर तरंगणारं बुच केलं. तलावाचा ठेका ज्याच्याकडं होता तो माणूस मामांच्या जुन्या मंडळींतलाच, तो म्हणाला, "सरपंच, तुमचंच तळं हाय." रविवारी मी मामांना स्कूटीवर मागं बसवून, त्यांची कंबर माझ्या कंबरेला उपरण्यानं बांधून तळ्यावर नेलं. सोळा वर्षं ज्या माणसासमोर मी मान वर केली नव्हती, त्याला पाठीला बांधून मी पांदीच्या अरुंद वाटेनं चालले होते. दोघांनाही फार अवघडल्यासारखं झालं.

पहिल्या दिवशी कणकेच्या गोळ्या लावल्या. त्या पाण्यात विरघळून गेल्या. दुसऱ्या रविवारी गांडुळं शोधली, पण पावसानं ओढ दिली होती, काळी जमीन वरून टणक झालेली. चार मिळाली, ती बारक्या माशांनी कुरतडून संपवली. मामांनी रिकामा गळ वर ओढून बघितला. मग म्हणाले, "एरंडाच्या आळ्या आन."

मला ऐकू आलं होतं. तरी मी विचारलं, "काय?"

"आळ्या. त्या नाल्याच्या बांधाला एरंड हायती बघ, त्याच्यावर आसत्यात. आमी ल्हानपणी त्याच लावायचो. मरळ दुसऱ्या कशाला तोंड लावत न्हाई."

मी त्यांना सांगायला हवं होतं. पण महिनाभरात तो माणूस पहिल्यांदा एवढं सलग बोलला होता. मी रिकामा श्रीखंडाचा डबा घेतला आणि नाल्याकडं गेले.

पाच-सहा एरंड होते, माणसाच्या दीडपट उंचीचे, झाडासारखे वाढलेले. लांबून पानं फाटल्यासारखी दिसत होती. जवळ गेले तेव्हा कळलं की पानं उरलेलीच नाहीत, नुसत्या शिरा उरल्या आहेत आणि त्या शिरांना त्या चिकटल्या आहेत. करंगळीएवढ्या लांब, काळपट राखाडी, कडेनं तांबूस पट्टा. केस नव्हते अंगावर, उलट मखमल लावल्यासारखी ती कातडी ओलसर वाटत होती. चालताना पाठीची कमान करायच्या, मागचे पाय पुढच्या पायांना आणून टेकवायच्या आणि पुढचा भाग हवेत उचलून काहीतरी शोधल्यासारखा इकडं तिकडं फिरवायच्या. तिथं शांतता होती, आणि त्या शांततेत कुरतडल्याचा बारीक आवाज येत होता. खाली जमिनीवर काळ्या लेंड्यांचा थर. एरंडाच्या पानांचा उग्र वास आणि त्यात काहीतरी आंबलेलं.

हात लावणं शक्यच नव्हतं. मी फांदी धरून हलवली, की खाली अंथरलेल्या पोत्यावर पडतील. पोत्यावर पडल्याच. पण माझ्या डोक्यावरही पडल्या. एक कानाच्या मागं, एक ब्लाउजच्या गळ्याशी. मी ओरडले ते तळ्याच्या पलीकडं शेळ्या राखणाऱ्या बाईला ऐकू गेलं. ती धावत आली, तिला वाटलं साप चावला. मग ती हसत सुटली आणि तिनंच माझ्या मानेवरची अळी दोन बोटांनी उचलून डब्यात टाकली, उडीद वेचावा तशी. "सरपंचाची सून आळ्या येचती," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापर्यंत ते गावभर झालं.

डबा घेऊन मी मामांकडं आले. मला वाटत होतं माझं काम संपलं.

मामांनी डावा हात डब्यात घातला. अळी उचलली, उजव्या हाताच्या बोटांत गळ धरायचा प्रयत्न केला. गळ पडला. पुन्हा. अळी पडली. तिसऱ्यांदा गळ त्यांच्याच धोतरात अडकला. त्यांच्या तोंडातून लाळेची तार खाली आली आणि त्यांनी ती पुसायलाही हात वर केला नाही. मग माझ्याकडं न बघता गळ पुढं केला.

मी पर्समधून लॅबचे हातमोजे काढले.

"ते नको," मामा म्हणाले. "रबराचा वास लागला की मासा जवळ येत न्हाई."

"चिमटा आहे माझ्याकडं."

"चिमट्यानं फुटती ती."

मी उघड्या बोटांनी ती उचलली. ती गार होती. पहिलं हेच जाणवलं, गार आणि भरलेली, पाणी भरलेल्या फुग्यासारखी. मागच्या पायांनी तिनं माझं बोट पकडलं. ती नुसती चिकटली नव्हती, तिनं धरलंच होतं. ओढलं तर कातडीला किंचित ओढ बसली. मग तिनं डोकं फिरवून तोंडातून हिरवा थेंब सोडला, माझ्या नखावर.

"शेपटीकडनं घाल," मामा शांतपणे सांगत होते. "सरळ न्हाई, वरच्या कातड्यातनं. जित्ती ऱ्हायली पायजे. हां. आता पुढं सरकीव."

गळाचं टोक आत जाताना आधी कातडी आत दबते. बराच वेळ दबतच जाते. मग एकदम 'पच्' होतं आणि बोटावर ओलं, गार असं काहीतरी येतं. अळी गळाभोवती वेटोळं घालत होती, सुटत होती, पुन्हा घालत होती. मामांनी काठी घेतली, डाव्या हातानं दोरी पाण्यात टाकली. मी मातीनं हात घासले, वाळूनं घासले, पाण्यानं धुतले. नखातला हिरवा रंग संध्याकाळपर्यंत काळा झाला. रात्री भाकरी मी डाव्या हातानं खाल्ली.

दर रविवारी हे चालू झालं. दोन-तीन रविवारांनी सवय होईल असं मला वाटलं होतं. लॅबमध्ये झाली होती की. इथं झाली नाही. उलट शनिवारी दुपारपासूनच मी पुन्हा पुन्हा हात धुवायला लागायची. अळ्यांचा डबा मी घरात नेत नव्हते, म्हणून स्कूटीच्या डिकीत असायचा. एकदा झाकण नीट बसलं नाही आणि सोमवारी लॅबसमोर डिकी उघडली तर माझ्या जेवणाच्या डब्याच्या कडीवर तिघी चालत होत्या. त्या दिवशी मी डबा तसाच कचऱ्यात टाकला.

मामांना मात्र फरक पडत होता. डावा हात काठी सरावानं धरायला लागला. चिलापी मासे लागायचे, तळहाताएवढे. आम्ही त्या शेळ्यावाल्या बाईला देऊन टाकायचो. ते बोलायलाही लागले. कोणत्या साली तळं आटलं होतं, कुठं दगड आहेत, मरळ कुठं पिल्लं राखते. मी तिकडं कान ठेवून अळी ओवायची. बोलणं ऐकू आलं की बोटांकडं जरा कमी लक्ष जायचं.

मग बारक्या माशांनी अळ्या गळावरून ओढून न्यायला सुरुवात केली. मऊ असतात, सुटतात. मामा म्हणाले, "आता उलटी कर."

"कुणाला?"

"आळीला. तिचं मुंडकं नखानं तोडायचं, बारीक काडी मागनं घालायची आन मोजा उलटा करतो तशी करायची. आतलं बाहीर येतं. मंग चिवट हुती, सुटत न्हाई. वास बी पसरतो."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. ते गंभीर होते. मला शिकवत होते, चांगल्या मनानं, जसं कुणी दुरडी विणायला शिकवावं.

मी केलं. का केलं ते मला नीट सांगता येणार नाही. नखाखाली डोकं तुटल्याचा आवाज आला, बारीक, ज्वारीचा दाणा दातात फुटावा तसा. मग तुराटीची बारीक काडी. कातडी स्वतःवरच गुंडाळत मागं सरकायला लागली आणि आतलं बाहेर आलं. चघळलेल्या पानांचा हिरवा लगदा, पिवळट चरबीचे धागे, एक पांढरी नळी. आणि पाय, आता आत गेलेले, तरी आतून हलत असल्यासारखे वाटत होते.

मी दोन पावलं पाण्याकडं गेले आणि ओकले. सकाळचे पोहे, चहा, सगळं. पाण्यातच ओकले. क्षणात तिथं पाणी उकळल्यासारखं झालं. कुठून कुठून बारीक मासे जमले आणि माझी ओकारी खायला लागले, एकमेकांवर चढून. ते बघून मी पुन्हा ओकले. आणखी मासे आले.

मागून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं मामांना काहीतरी झालं. वळून बघितलं तर ते हसत होते. अर्ध्या तोंडानं, वाकडे, डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ. "आगं," ते म्हणाले, "आळ्या कशाला पायजेत मंग? तूच उभी ऱ्हा तिथं!"

आजारपणानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. खरं तर सोळा वर्षांत पहिल्यांदाच. मला हसू आलं नाही. माझ्या नाकात आंबट पोहे होते. मला रडू येत होतं आणि ते किळसेनंच येत होतं, दुसऱ्या कशानं नाही.

ऑक्टोबरमध्ये एरंड पार बोडके झाले. अळ्या मातीत गेल्या. मला वाटलं सुटले. त्या रविवारी घरी पोचलो तर आत्याबाई, ज्या पहिल्या संध्याकाळनंतर या विषयावर एक शब्दही बोलल्या नव्हत्या, परसात लिंबोणीजवळ उभ्या. "त्या एरंडाच्या संपल्या म्हणं," त्या म्हणाल्या. "मंग आपल्या लिंबाच्या घिऊन जावा की. समदं झाड खाल्लंय मेल्यांनी. मला मारता यीत न्हाई, माळ हाय." आणि आत निघून गेल्या.

लिंबाच्या अळ्या एरंडाच्यांपेक्षा वाईट. लहान असतात तेव्हा पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, काळ्या-पांढऱ्या, ओल्या. मोठ्या झाल्या की हिरव्यागार, अंगठ्याएवढ्या जाड, आणि मानेजवळ डोळ्यांसारखे डाग, जे डोळे नसतात. हात लावला की डोक्यामागून नारिंगी, ओलं, दुभागलेलं शिंग बाहेर काढतात, सापाच्या जिभेसारखं, आणि त्याबरोबर वास. सडक्या लिंबाचा, त्यात लहान बाळाच्या आंबट दुधाच्या ओकारीचा. तो वास साबणानं जात नाही. लॅबमध्ये माझ्या शेजारी बसणारी मुलगी सोमवारी म्हणाली, "मॅडम, कुठलंतरी सॅम्पल सांडलंय का?" वास माझ्या बोटांना होता.

पण त्याच अळीला मरळ लागली. त्या रविवारी सकाळी बुच एकदम खाली गेलं आणि वर आलंच नाही. मामांची काठी वाकली. त्यांनी ती डाव्या काखेत दाबली, पाय रोवले. "धर, धर," ते ओरडत होते, "दोरी धर!" मी दोरी हाताला गुंडाळून मागं मागं चालत गेले. चिखलात आली ती हातभर लांब, काळी, सापासारख्या तोंडाची. मी साडीसकट तिच्यावर बसले. मामा काठीला टेकून उभे होते. "ही तुझी," ते म्हणाले. "ही देऊ नगंस कुणाला. घरी न्यू."

"घरी? आत्याबाई?"

"गोठ्यामागं चूल मांड. म्या सांगतो तिला." मग पाण्याकडं बघत म्हणाले, "तुमच्या घरी खात्यात. लग्नात तुझा बाप म्हणला हुता, पोरीला मासा लई आवडतो. आमच्याकडं चालणार न्हाई म्हणून म्याच सांगितलं त्याला. सोळा वर्सं झाली."

बापानं हे त्यांना सांगितलं होतं हेही मला माहीत नव्हतं. मला मासा खरोखर फार आवडायचा. माहेरी गेले की पहिल्या दिवशी आई तेच करायची.

गोठ्यामागं तीन विटा मांडल्या. मी मरळ साफ करायला घेतली. आईबरोबर शंभरदा केलेलं काम. राखेनं धरली, पोट चिरलं, आतडं ओढून बाहेर काढलं. आतलं जठर फुगलेलं होतं. सुरी लागली आणि ते उघडलं.

आत माझ्याच अळ्या होत्या. सहा-सात. सकाळपासून गळावरून निसटून गेलेल्या, ज्या मी एकेक करून ओवल्या होत्या. काहींची कातडी पांढरी पडून सुटत होती, काही अजून हिरव्यागार. एका अळीनं मरताना शिंग बाहेर काढलेलं होतं आणि ते तसंच होतं, नारिंगी, ताठ. सगळ्यांभोवती जाड, चिकट, शेंबडासारखा द्रव. आणि तोच वास, आता गरम.

मी बादलीभर पाणी ओतलं. पुन्हा ओतलं. तुकडे केले, हळद-मीठ लावलं, लसूण वाटला. फोडणीत तुकडे टाकले तेव्हा वास चांगला सुटला होता, आईच्या घरासारखाच, पण त्याच्या खालून दुसरा वास येतोय असं मला वाटत राहिलं. खरंच येत होता की नाही, देव जाणे.

मामा खाटेवर बसून वाट बघत होते. मी त्यांना ताट दिलं. त्यांनी हात लावला नाही. "आधी तू खा."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. सुनेनं सासऱ्यासमोर बसून खायचं हेही त्या घरात पहिल्यांदाच होत होतं. मी तुकडा तोडला. पांढरं, घट्ट मांस, एक काटा नाही. तोंडात ठेवला आणि जीभ मागं सरकली. दात मिटले तेव्हा मला सात वर्षांची असताना बांधावर दाताखाली जे फुटलं होतं तेच आठवलं. चावलं नाही, गिळलं. दुसरा घास. मामा बघत होते, माझ्या तोंडाकडं, लहान मुलासारखे.

"कसा झालाय?"

"लई चांगला, मामा."

त्यांनी मग खाल्लं. डाव्या हातानं, अर्धं सांडत, पण दोन तुकडे संपवले. मी भांडी घेऊन गोठ्यामागं गेले आणि शेणाच्या ढिगाऱ्यावर सगळं ओकून टाकलं. म्हशीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

पुढचे सहा दिवस मी विचार करत होते की पुन्हा हे करायचं नाही. पुढच्या रविवारी तळ्यावर बसल्यावर, डबा उघडायच्या आधी, मी म्हणाले, "मामा, एक सांगायचंय."

"सांग की."

"मला अळ्यांची लई किळस येते. लहानपणापासून. हात लावला की पोटात कालवतं. मागच्या वेळचा मासाही माझ्या पोटात राहिला नाही."

त्यांनी डाव्या हातानं डबा बाजूला सारला. मला वाटलं रागावले. "मंग आधी कावून सांगितलं न्हाईस?"

"तुमी बोलायला लागला होतात."

दोरी पाण्यात नव्हती, काठी मांडीवर आडवी. "मला वाटायचं तुला कशाचीच किळस न्हाई. लोकाचं हगणं-मुतणं बघती म्हणं दिवसभर." मग आवाज खाली आणून, पलीकडच्या काठाकडं बघत, "मंग माझं तोंड पुसतीस तवा?"

"त्याची नाही येत."

"खरं सांग."

"खरंच सांगते, मामा. लाळेचं मला काही वाटत नाही. अळी बघवत नाही."

त्यांनी त्यावर विचार केला. सरपंच असताना एखाद्याचं म्हणणं ऐकून घ्यायचे तसा. "मंजी म्या आळीपरीस बरा," ते म्हणाले.

"लई बरे."

त्या दिवशी आम्ही काही न लावता, नुसता गळ पाण्यात टाकून बसलो. त्यानंतर मी त्यांचं तोंड पुसायला गेले की ते डोळे मिटत नसत.

पुढच्या पावसाळ्यात एरंडांना पुन्हा पानं आली आणि पानांना पुन्हा अळ्या. अळ्या वेचायचं काम शेळ्यावाल्या बाईनं हसत घेतलं, लागेल ती चिलापी तिची या बोलीवर. ओवायचं काम मामांनी स्वतः घेतलं. बांबूच्या पेराला चीर पाडून त्यांनी ते जमिनीत रोवून घेतलं, चिरेत गळ उभा अडकवायचा आणि डाव्या हातानं अळी वरून घालायची. एक ओवायला पाव तास लागायचा. अळी निसटायची, मातीत पडायची, ते वाकून शोधायचे, पुन्हा धरायचे. मी दहा हात लांब दगडावर बसायचे, तोंड दुसरीकडं करून.

एकदा तो व्यायामाचा डॉक्टर पांदीनं जाताना मोटरसायकल थांबवून आमच्याकडं आला. मामांचा हात चालताना बघून खूश झाला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तुम्ही मधे पडत नाही हे फार चांगलं करता. घरचे लोक दया येऊन सगळं हातानं करून देतात आणि पेशंट तिथंच राहतो. तुमच्यासारखा संयम पाहिजे."

मी मान हलवली. गावातही तसंच बोलतात, की सुनेनं सासऱ्याला पुन्हा माणसांत आणलं, मनावर दगड ठेवून त्याचं त्याला करू दिलं. मी कुणाला खोडून काढत नाही. पण माझ्या मनावर कसलाही दगड नव्हता. त्यांची बोटं चुकताना मला वाईट वाटायचं, उठून जावं वाटायचं, आणि तरी मी उठायची नाही. मला त्या अळीला हात लावायचा नव्हता, बाकी काही नाही. मासा मी आजही खात नाही. आईनं केला तरी नाही.

डॉक्टर गेल्यावर मामांनी हाक मारली. "सूनबाई, हे बघ! एका दमात गेली!"

मी वळून बघितलं. त्यांच्या तोंडाकडं बघितलं. हातात काय होतं तिकडं नाही.